सरकारी गाडीचे भाडे

करिअप्पा हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते भिंतीवर. साल १९७१. आम्ही भांडुपला चाळीत राहत होतो आणि मी आठवीत होतो. लोकसभेची मध्यावधी निवडणूक लागली होती. शाळेच्या वाटेवर एका कंपाउंडची लांबलचक भिंत होती. एरवी तिच्यावर सिनेमाची पोस्टरे असत. त्या दिवसांत ती चुन्याने पांढरी करून तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक नाव रंगवले होते. नावाच्या आधी 'जनरल' असे लिहिले होते. आमच्या भागातल्या उमेदवारांची नावे आम्हाला ओळखीची असत, हे नाव मात्र काही मराठी वाटेना.

वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कारकून होते. रात्री जेवताना मी त्यांना विचारले. हा माणूस स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला हिंदी सरसेनापती, असे त्यांनी सांगितले. सांगताना त्यांनी हातातला घास खाली ठेवला, हे मला अजून आठवते. मग एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या चाळीतल्या मतांची काय गरज, असे मी विचारले. त्यावर ते नुसतेच हसले.

ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिलेल्या जनरल करिअप्पांना शिवसेनेचा पाठिंबा होता. पण ती इंदिरा गांधींच्या लाटेची निवडणूक होती. करिअप्पा हरले. पावसाळ्यात भिंतीवरचे नाव ओघळले आणि पुन्हा सिनेमाची पोस्टरे लागली. माझ्या मनात मात्र ते नाव एका हरलेल्या म्हाताऱ्या माणसाचे म्हणून राहून गेले.

ते पुसले गेले पुष्कळ वर्षांनी, बँकेत नोकरीला लागल्यावर. पुसणारा होता आमच्या शाखेचा दरवान.

बँकांच्या दारात बंदूक घेऊन बसणारे बहुतेक दरवान माजी सैनिक असत. आमचे हवालदारमामा सातारा जिल्ह्यातले, १९५० साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेले. वीस वर्षे नोकरी करून पेन्शनवर आले आणि मग बँकेत लागले. दर वर्षी १५ जानेवारीला ते युनिफॉर्मवर पदके लावून येत आणि स्वतःच्या पैशाने साऱ्या स्टाफला पेढे वाटत. पहिल्या वर्षी मला वाटले, संक्रांतीचा काही उरलेला कार्यक्रम असावा. मग कळले, तो लष्कर दिन. १९४९ साली त्या दिवशी जनरल सर रॉय बुचर या इंग्रज अधिकाऱ्याकडून करिअप्पांनी सैन्याची सूत्रे हाती घेतली, म्हणून तो दिवस पाळला जातो. मामा भरती झाले तेव्हा करिअप्पा सरसेनापती होते. आपण त्यांच्या अमदानीतले शिपाई, याचा मामांना शेवटपर्यंत अभिमान होता.

मामांमुळे मी करिअप्पांविषयी मिळेल ते वाचू लागलो.

कोडंदेरा मदप्पा करिअप्पा यांचा जन्म कुर्गमधल्या शनिवारसंथे या गावी २८ जानेवारी १८९९ रोजी झाला. वडील महसूल खात्यात होते. घरात त्यांना चिम्मा म्हणत. मडिकेरीला शाळा आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पुढचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इंग्रज सरकारने हिंदी तरुणांना लष्करात अधिकारी म्हणून घ्यायचे ठरवले आणि त्यांच्यासाठी इंदूरच्या डेली कॉलेजात प्रशिक्षण सुरू केले. त्या पहिल्या तुकडीत करिअप्पा निवडले गेले. १९१९ मध्ये कमिशन मिळाले. सुरुवातीची नेमणूक झाली आपल्या मुंबईत, ८८ व्या कर्नाटिक इन्फंट्रीत. बावन्न वर्षांनी त्याच मुंबईत ते मते मागायला उभे राहणार होते.

पुढच्या आयुष्यात 'पहिला हिंदी' हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले. १९३३ मध्ये क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात गेलेले पहिले हिंदी अधिकारी ते. दुसऱ्या महायुद्धात इराक, सीरिया आणि इराणमध्ये काम करून आल्यावर १९४२ मध्ये एका पलटणीचे नेतृत्व मिळालेले पहिले हिंदी अधिकारीही तेच. असे पहिलेपण ऐकायला छान वाटते, पण ते सोसावे लागते. ज्या मेसमध्ये आपल्यासारखे दुसरे कोणी नाही, तिथे रोज जेवायला बसायचे. काटा कोणत्या हातात धरला, बूट कसे चमकतात, उच्चार कसा केला, हे सारे जण पाहत असतात. चूक झाली तर ती एका माणसाची राहत नाही, साऱ्या देशाची होते. नाव उच्चारता येईना म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांचे 'किपर' करून टाकले, तेही त्यांनी जन्मभर वागवले. शिस्त त्यांच्या अंगात इतकी भिनली, की निवृत्तीनंतर मडिकेरीच्या घरीसुद्धा रात्रीच्या जेवणाला ते रीतसर कपडे करून बसत.

या साहेबीपणाची त्यांना किंमतही मोजावी लागली. हिंदी त्यांना बेताचेच येई. स्वातंत्र्यानंतर जवानांसमोर भाषण करताना, आता तुम्ही स्वतंत्र, देश स्वतंत्र, हे सांगायचे होते. इंग्रजी 'फ्री' शब्दाचे त्यांनी डोक्यातल्या डोक्यात भाषांतर केले आणि तुम्ही मुफ्त, देश मुफ्त, सगळेच मुफ्त असे सांगून टाकले, अशी गोष्ट लष्करात सांगतात. मामा ती सांगताना स्वतःच हसून बेजार होत. पण लगेच गंभीर होऊन म्हणत, की साहेबांचे हिंदी मोडके होते, पण ते काय बोलतात हे जवानाला बरोबर कळायचे.

जानेवारी १९४८ मध्ये, काश्मीरची लढाई ऐन भरात असताना, दिल्ली आणि पूर्व पंजाब कमांडची सूत्रे करिअप्पांकडे आली. याच कमांडचे पुढे वेस्टर्न कमांड झाले. त्यांच्या हाताखाली त्या वर्षी आपल्या फौजांनी झांगर परत घेतले आणि नौशेराकडून राजौरी गाठले. नोव्हेंबरात जनरल थिमय्यांनी बर्फाच्या तोंडावर जोझिला खिंडीत रणगाडे चढवले, द्रास आणि कारगिल सोडवले आणि लेहचा रस्ता मोकळा केला. पुढच्या जानेवारीत करिअप्पा सरसेनापती झाले. पन्नाशीला तेरा दिवस कमी होते.

पण मामांच्या तोंडी जो करिअप्पा असे तो या लढायांतला नसे. तो घरातला असे.

करिअप्पांचे लग्न १९३७ मध्ये झाले. पत्नीचे नाव मुथू. १९३८ मध्ये मुलगा नंदा झाला आणि १९४३ मध्ये मुलगी नलिनी. नवराबायकोचे जमले नाही. १९४५ मध्ये दोघे वेगळे झाले आणि तीन वर्षांनी एका अपघातात मुथू गेल्या. म्हणजे ज्या काळात हा माणूस काश्मीरची आघाडी सांभाळत होता आणि मग साऱ्या सैन्याचा प्रमुख झाला, त्याच काळात त्याच्या घरी दहा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी आईविना होती. ते घर कसे असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. नोकरचाकर होते, दारात पहारा होता. पण शाळेतून आल्यावर दप्तर कोणाजवळ टाकायचे?

दिल्लीतल्या त्या वर्षांतली एक आठवण नंदा करिअप्पांनी सांगितली आहे. अधिकाऱ्यांच्या मुलांना शाळेत नेण्यासाठी लष्कराचा ट्रक येई, त्यातूनच तोही जाई. एके दिवशी ट्रक आला नाही. वडिलांच्या एडीसीने पोराची शाळा बुडू नये म्हणून सरकारी गाडी काढली आणि त्याला पोचवले. थोड्या दिवसांनी ही गोष्ट वडिलांना कळली. ते एडीसीवर संतापले. ती फेरी खासगी म्हणून नोंदवायला लावली आणि तिचे भाडे स्वतःच्या खिशातून भरले.

बँकेच्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते. आमच्याकडे संध्याकाळी एक रुपयाचा फरक निघाला तरी सारा स्टाफ बसून राही. व्हाउचरचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून तपासायचा आणि रुपया सापडला की घरी जायचे. रुपयाचा प्रश्न नसतो. आज रुपया सोडून दिला, तर उद्या किती सोडायचे याला धरबंद राहत नाही. सरसेनापतीच्या मुलाची एक फेरी ती काय! पण करिअप्पांनी ती खात्यावर दाखवली.

आता १९६५ ची गोष्ट. मामा तेव्हा पंजाबच्या आघाडीवर होते. करिअप्पा निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. १४ जानेवारी १९५३ रोजी ठरल्या दिवशी सूत्रे सोडून ते मोकळे झाले होते. मध्ये दोनेक वर्षे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये भारताचे हायकमिशनर म्हणून काम केले आणि मग मडिकेरीला 'रोशनारा' या आपल्या घरात राहू लागले. नंदा वायुदलात वैमानिक झाला होता. युद्धाच्या अगदी शेवटी, २२ सप्टेंबरला, त्याचे हंटर विमान पाकिस्तानी तोफांनी पाडले. तो विमानातून बाहेर पडला, पण जखमी झाला आणि पकडला गेला.

पाकिस्तानचे अध्यक्ष होते फील्ड मार्शल अयूब खान. फाळणीपूर्वी सरहद्दीवरच्या बन्नू ब्रिगेडमध्ये करिअप्पा ब्रिगेडियर होते, तेव्हा अयूब त्यांच्या हाताखाली होते. जुन्या साहेबाचा मुलगा आपल्या कैदेत आहे, हे त्यांना कळले. मुलगा सुखरूप असल्याचे पाकिस्तान रेडिओवरून सांगण्यात आले आणि करिअप्पांपर्यंत तसा निरोपही पोचवला गेला. हवे असेल तर त्याला सोडून देतो, असेही अयूब खानांनी कळवल्याचे सांगतात. करिअप्पांचे उत्तर साऱ्या देशात पसरले. कैदेत असलेला प्रत्येक हिंदुस्थानी सैनिक माझाच मुलगा आहे, नंदासाठी मी वेगळे काही मागणार नाही, जी वागणूक द्यायची ती सगळ्यांना सारखी द्या, असा त्याचा आशय होता. अयूब खानांच्या पत्नी आपल्या मुलाला घेऊन इस्पितळात नंदाला भेटून गेल्या. पण नंदाची सुटका झाली ती इतर कैद्यांसारखीच, २२ जानेवारी १९६६ ला. बरोबर चार महिन्यांनी.

मामा ही गोष्ट सांगताना खुर्चीतून उठून उभे राहत. त्या लढाईत मीही होतो, त्या हिशेबाने मीसुद्धा साहेबांचाच मुलगा, असे ते म्हणत.

मला ही गोष्ट बरीच वर्षे नुसती भव्य वाटे. पुतळ्यासारखी. पुढे स्वतः बाप झाल्यावर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आई नसलेला, आपण एकट्याने वाढवलेला मुलगा. तो शत्रूच्या ताब्यात आहे आणि एका शब्दाने घरी येऊ शकतो. तो शब्द न उच्चारणारा बाप त्या चार महिन्यांच्या रात्री कशा काढत असेल? तो कठोर होता, की मायेला त्याने सगळ्यांत वाटून टाकले होते? मला उत्तर सापडत नव्हते. आणि त्याच सुमारास मामांनी मला एक धडा दिला.

१९८९ साल. माझा मुलगा चार वर्षांचा होता. आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या शाळेत प्रवेश हवा होता आणि यादीत त्याचे नाव लागले नाही. त्या शाळेच्या विश्वस्तांपैकी एकांचे खाते आमच्या शाखेत होते. त्यांचे कर्जाचे प्रकरण माझ्याच टेबलावर होते. प्रकरण चोख होते, मंजूर होणारच होते. मी त्यांच्याकडे काही मागितले नाही. फक्त चहा घेता घेता मुलाचा विषय काढला. दोन दिवसांनी चिठ्ठी आली. सोमवारी मुलगा त्या शाळेत बसला. घरी गोडधोड झाले.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी आमच्याकडे बदली शिपायाची जागा निघाली. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजकडून नावे येणार होती. त्यात मामांच्या धाकट्या मुलाचे नाव होते. मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो. मामांना आत बोलावून मी सांगितले, की काळजी करू नका, मी बघून घेतो. मामा माझ्यासमोर बसत नसत, उभेच राहत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की साहेब, तसे करू नका. त्या बाकावर आणखी चार पोरे बसणार. त्यांच्या बापांना कोण साहेब भेटणार? आणि वर एवढेच, की करिअप्पासाहेबांची गोष्ट मी उगाच सांगत नव्हतो.

मुलाची निवड झाली नाही. दुसरा मुलगा जास्त शिकलेला होता, त्याला जागा मिळाली. हवालदारमामांची बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. ते खरेच होते तिचे. तत्त्वाचा खर्च बहुधा घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून होतो. पोरगा पुढे एसटीत कंडक्टर झाला. मामांना मी तोंड दाखवायला लाजत होतो. माझ्या चिठ्ठीची गोष्ट त्यांना ठाऊक होती की नाही, हे मी कधी विचारले नाही. शाखेत काही लपून राहत नाही.

करिअप्पा म्हणजे देव होते, असे मला म्हणायचे नाही. उतारवयात ते जाहीरपणे पुष्कळ काही बोलत. १९७० च्या सुमारास देशात राष्ट्रपती राजवट हवी, असे त्यांनी मांडले, तेव्हा लोकशाहीवर विश्वास असणाऱ्यांना ते खटकले आणि ते खटकायलाच हवे होते. पलटणीत जी शिस्त चालते ती चाळीत चालत नाही, हे त्यांना उमगले नसावे. आमच्या भांडुपने त्यांना मते दिली नाहीत, त्यात मला आता नवल वाटत नाही. पण अधिकार हातात असताना त्यांनी सैन्याला राजकारणापासून दूर ठेवले आणि वेळ झाल्यावर मुकाट्याने खुर्ची सोडली, ही गोष्ट मोठी आहे. शेजारच्या देशात त्यांच्याच हाताखालच्या माणसाने १९५८ मध्ये काय केले ते पाहिले की ती अधिकच मोठी वाटते.

आणि निवृत्त झालेल्या जवानाला ते विसरले नाहीत. १९६४ मध्ये त्यांनी माजी सैनिकांची संघटना, इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग, स्थापन केली. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरसमोर रांगेत उभे राहणारे म्हातारे शिपाई मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. कोणाचे नाव कागदावर चुकलेले, कोणाचा हयातीचा दाखला राहिलेला, कोणाची विधवा हातात फाटका कागद घेऊन आलेली. लढाईत त्यांची आठवण सगळ्यांना येते. रांगेत त्यांची आठवण ठेवणारा मोठा माणूस विरळा.

१९८६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, करिअप्पांना फील्ड मार्शल हा किताब मिळाला. माणेकशांनंतर हा मान मिळालेले ते दुसरेच. त्या दिवशी मामांनी पेढ्यांऐवजी सर्वांना जिलेबी दिली. १५ मे १९९३ रोजी बंगलोरला झोपेतच करिअप्पांचे निधन झाले. वय चौऱ्याण्णव. अंत्यसंस्कार मडिकेरीला झाले आणि माणेकशा त्यांना निरोप द्यायला आले होते. नंदा पुढे एअर मार्शल झाले. त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. ज्या बापाने आपल्यासाठी एक शब्द टाकला नाही, त्याचे चरित्र मुलाने प्रेमाने लिहावे, यातच मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार सापडले. सरकारी गाडीच्या भाड्याचा त्या मुलाला राग आला नव्हता. बाप कोणत्या मापाने मोजतो हे त्याला लहानपणीच कळले होते. माप एकच होते, म्हणून पुढे कैदेतही त्याला ते परके वाटले नसावे.

१५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाचे संचलन पुण्यात, खडकीला झाले. पूर्वी ते दिल्लीतच होत असे. मी आणि माझा मुलगा घरी टीव्हीवर ते पाहत होतो. तो आता चाळिशीला आला आहे आणि त्याच्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशाची धावपळ नुकतीच संपली होती. मला मामांची आठवण आली. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. बोलता बोलता मी त्याला पहिल्यांदाच त्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि माझ्या जागी यादीतला कोणता मुलगा बाहेर राहिला असेल, एवढेच विचारले.

मला ते नाव माहीत नाही. मी कधी शोधलेही नाही. चौतीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले, पण ही एक नोंद करायची राहून गेली. त्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे आणले आणि आमच्या इमारतीच्या दारावरच्या म्हाताऱ्या वॉचमनला पहिला पेढा दिला. तो माजी सैनिक नाही. कसले पेढे, असे त्याने विचारले. एका हवालदाराच्या नावाचे, असे मी सांगितले.